ओतूरचा खटला आणि प्रबोधनाची कसोटी

(आळेफाटा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जासाठी जे पुरावे मांडण्यात आले, त्यांत नाणेघाटातील शिलालेखाचा मान पहिल्या ओळीतला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला हा लेख जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावर आहे. आळेफाट्यावरून कल्याणकडे निघालेली एस.टी. त्याच डोंगररांगेतून, माळशेजच्या वाटेने, कोकणात उतरते. या निर्णयाचा तालुक्याला अभिमान वाटला यात नवल नाही. त्याआधी २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला होता. शिवनेरीवर तरुणांची रीघ लागते, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर शाळकरी मुलांच्या सहली दिसतात, किल्ल्यांवरची पाण्याची टाकी उपसणारी मंडळे गावोगाव निघाली आहेत, मोडी वाचू पाहणाऱ्या हौशी अभ्यासकांची संख्या वाढली आहे. कला, विद्या आणि इतिहास यांच्याविषयी नव्याने ओढ निर्माण झाल्याची ही चिन्हे आहेत. त्यांची टिंगल करणे कोणत्याही पुरोगामी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. मात्र ही ओढ समाजाला कोणत्या दिशेने नेणार, हा प्रश्न त्याला टाळताही येणार नाही.

अशा काळाला नाव देण्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि ते दोन्ही एकाच अर्थाने वापरले जातात, तेथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. पुनरुज्जीवन म्हणजे मेलेले किंवा मरू घातलेले पुन्हा जिवंत करणे. प्रबोधन म्हणजे झोपलेल्याला जागे करणे. पुनरुज्जीवनात भूतकाळ उठून बसतो, प्रबोधनात माणूस. पुनरुज्जीवनाला मंदिर, किल्ला, पोथी, पोवाडा काहीही चालते, आणि त्या वस्तू घडविणारा गवंडी, पाथरवट, शाहीर उपाशी राहिला तरी त्याचे काही अडत नाही. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ साली आपल्या नियतकालिकाला ‘प्रबोधन’ हे नाव दिले, तेव्हा हा भेद त्यांच्या मनात स्वच्छ होता. आज तो पुसट झाला आहे. म्हणून ज्या भूमीत हा अभ्यासवर्ग भरला आहे, त्या भूमीच्याच इतिहासावर तो घासून पाहणे उपयुक्त ठरेल.

नाणेघाटापासूनच आरंभ करावा. सातवाहन राणी नागनिकेचा तो लेख म्हणजे मुख्यतः यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. अश्वमेधादी यज्ञ झाले, हजारोंनी गाई दिल्या, हत्ती-घोडे दिले, गावे दिली, कार्षापणांच्या राशी दिल्या. आकडे मोजून कोरले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठे महत्त्व आहे. हे धन आले कोठून? कोकणच्या बंदरांतून चढणारा माल याच खिंडीतून जुन्नरला येत असे, आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा होता असे लोकपरंपरा सांगते. परंपरेचे बाजूला ठेवले, तरी लमाणांच्या, बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून ही संपत्ती घाट चढली यात संशय नाही. त्या लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. ज्यांनी लेणे खोदले त्यांचे नावही नाही आणि पाऊलही नाही.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांतील लेण्यांचे चित्र मात्र याहून निराळे आहे. मानमोडी, तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर खोदकामे आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी देशात क्वचितच आढळतील. येथील शिलालेखांत राजांपेक्षा व्यापारी, गृहस्थ आणि कारागीर अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. त्यांच्याकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षुसंघाचा खर्च चालवावा अशी व्यवस्था आहे. परदेशातून आलेल्या यवनांचीही दाने आहेत. बुरूड आणि कासार यांच्या संघटनेवर ठेव सांभाळण्याइतका विश्वास समाज टाकत होता, ही गोष्ट नागनिकेच्या हत्तीघोड्यांहून कितीतरी मोलाची आहे. पर्यटनाच्या माहितीफलकावर हत्तीघोडे येतात आणि बुरूड येत नाहीत, एवढ्यावरूनही या वारसाप्रेमाची जात ओळखता यावी.

तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथात संतांच्या या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. त्या तुलनेवर वाद पुष्कळ झाले. आर्थिक संबंधांना संतांनी हात घातला नाही, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु आळेफाट्याला लागूनच असलेल्या आळे गावात जनतेने या चळवळीचा अर्थ आपल्या पद्धतीने लावून ठेवला आहे. पैठणच्या धर्मसभेपुढे ज्याच्या मुखातून वेद बोलविले गेले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे गैरलागू आहे. शुद्धिपत्र नाकारणाऱ्या पंडितांपैकी एकाचीही समाधी कुणब्याने बांधली नाही. त्याने ती बांधली पखाल वाहणाऱ्या जनावराची. विद्येच्या मक्तेदारीवर इतकी बोचरी टीका एखाद्या प्रबंधातही सापडणे कठीण. पुढे त्या समाधीभोवती यात्रा भरली, नवस आले, टीकेचा दंश नाहीसा झाला आणि भक्ती तेवढी राहिली. पुनरुज्जीवन प्रबोधनाला असेच गिळून टाकते.

युरोपातही हेच घडले. इटलीतील फ्लॉरेन्स हे नगर कलाविद्यांच्या नवजागृतीचे माहेरघर मानले जाते. त्या नगराची श्रीमंती लोकरीच्या धंद्यावर आणि पेढ्यांवर उभी होती. १३७८ साली तेथील लोकर विंचरणाऱ्या मजुरांनी आपल्या श्रेणी स्थापन करण्याचा आणि नगरकारभारात वाटा मिळविण्याचा हक्क मागून बंड केले. काही काळ तो त्यांना मिळाला, आणि थोड्याच वर्षांत हिरावलाही गेला. मेदिची घराण्याच्या पेढीचा, त्या पेढीच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रशिल्पांचा काळ त्यानंतरचा. बंगालमधील गेल्या शतकाआधीच्या नवजागृतीची गोष्टही फारशी निराळी नाही. राममोहन रॉय यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण ज्या भद्रलोकांत ती जागृती फुलली, त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका १७९३च्या कायमधाऱ्यातून आलेल्या जमीनदारीवर चालत होती, आणि रयतेपर्यंत तिचा उजेड फारच थोडा पोहोचला.

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाकडे याच दृष्टीने पाहावे लागते. पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दक्षिणा ब्राह्मणांना मिळे. तिचा पैसा मात्र शेतसाऱ्यातून येई. १८४९ साली पुण्यातील काही तरुण सुशिक्षितांनी त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ द्यावा असा अर्ज केला, तेव्हा सनातन्यांनी केवढा गहजब केला! तरीही १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथनिर्मितीला बळ मिळाले. सुधारणेचे हे पाऊल लहान नव्हते. परंतु जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात याच व्यवहाराच्या मुळावर बोट ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही विसंगती त्यांनी दाखविली, आणि बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. प्रबोधनाचा खर्च कोण करतो आणि त्याचे फळ कोण खातो, हा प्रश्न या देशात इतक्या रोखठोकपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या सभेचे निमंत्रण फुल्यांना गेले होते. त्यांनी ते नाकारले. ज्यांना इतर माणसांचे मानवी हक्क मान्य नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी शूद्रादिशूद्रांच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. मराठी साहित्याच्या इतिहासात हे पत्र एका विक्षिप्त मनुष्याचा रुसवा म्हणून बरीच वर्षे वाचले गेले. ते पत्र ज्या सुमारास लिहिले गेले, त्या सुमारास जुन्नर तालुक्यात काय चालले होते, हे लक्षात घेतले असते तर तसा गैरसमज झाला नसता.

आळेफाट्याहून माळशेजच्या रस्त्याला लागले की ओतूर येते. १८८४ साली तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे विवाह ब्राह्मण पुरोहिताला न बोलाविता सत्यशोधक पद्धतीने लावले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाहही झाला होता. म्हणजे कल्पना नवी नव्हती. नवे होते ते गाव. पुण्यासारख्या शहरात चार मित्रांच्या पाठबळावर असे लग्न लावणे वेगळे, आणि जेथे जोशाचे वतन आहे, जेथे शेजारी, सोयरे, सावकार, कुलकर्णी सगळे एकाच पांढरीत राहतात, तेथे वेगळे. गावजोशाने दावा लावला. विवाह लावण्याचा हक्क वंशपरंपरेचा आहे, तो डावलला तरी दक्षिणा बुडता कामा नये, असे त्याचे म्हणणे होते. न दिलेल्या सेवेचे मोल मागणारा हा दावा आज हास्यास्पद वाटेल. पण तो कायद्याच्या भाषेत मांडलेला होता आणि वतनाच्या वहिवाटीवर उभा होता. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९० साली निकाल बाळाजी पाटलांच्या बाजूने लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ नोव्हेंबरला, जोतीरावांचे निधन झाले.

या खटल्याचे महत्त्व निकालापुरते नाही. त्या निकालाने गावजोशांचे हक्क सर्वत्र संपलेही नाहीत. तशा मागण्यांना कायमचा पायबंद घालण्यासाठी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाला १९२६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. महत्त्व आहे ते एका कुणबी घराने सहा वर्षे हा भार वाहिला याचे. कोर्टाचे खेटे म्हणजे पैसा, वेळ, सुगीच्या दिवसांत जुन्नरला जाणे, मुंबईच्या वकिलाकडे कागद पाठविणे, आणि घरच्या लग्नाच्या पवित्रतेविषयी परक्या माणसांनी जाहीर वाद घालताना ऐकून घेणे. फुल्यांचे विचार ओतूरला पोहोचले ते पुस्तकरूपाने कमी आणि आपल्या दारात आपल्या भाषेत काय बोलले जावे याचा निर्णय आपण घ्यायचा, या रूपाने अधिक. सत्यशोधक विवाहविधीत वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांची हमी मागते. मांडवात बसलेल्या बायकांना ते शब्द समजत होते, हाच त्या विधीतला क्रांतिकारक भाग. संस्कृत मंत्रांपेक्षा मराठी मंगलाष्टके अधिक सुंदर होती की नव्हती, याची चर्चा साहित्यिकांनी खुशाल करावी.

त्याच दशकात तालुक्यातील कुळांनी खंडाच्या जाचाविरुद्ध सावकार-जमीनमालकांच्या जमिनी कसण्याचे नाकारल्याची हकिकत फुल्यांच्या चरित्रांत येते. १८७५ साली सुप्याहून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले होते आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला होता. जोशाची दक्षिणा नाकारणे आणि सावकाराचा खंड नाकारणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत टाकण्याची विद्वानांना सवय आहे. एकीला ते धर्मसुधारणा म्हणतात, दुसरीला शेतकऱ्यांचा असंतोष. ज्याच्या खळ्यावरून दोन्ही वसुल्या होत होत्या, त्या माणसाला हा भेद कळण्याचे कारण नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधू’ पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविले, आणि १८८४ साली, म्हणजे ओतूरच्या लग्नांच्याच वर्षी, लोखंड्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. लेखणी, लग्न, खंड आणि कामाचे तास हे सर्व एकाच चळवळीचे विषय झाले होते. महाराष्ट्रात प्रबोधन या शब्दाला पूर्णपणे पात्र ठरणारा काळ कोणता, असे विचारले तर पुण्यातल्या सभागृहांच्या आधी या काही वर्षांचे नाव घ्यावे लागेल.

तथापि या काळाचीही पूजा मांडण्याचे कारण नाही. बाळाजी हे पाटील होते. कोर्टात लढण्याइतके बळ त्यांच्या घराला होते. त्याच ओतूरच्या महारवाड्यात, मांगवाड्यात त्या निकालाने कोणता फरक पडला, हे विचारले पाहिजे. पुढे सत्यशोधक विचारातून ब्राह्मणेतर राजकारण निघाले. त्या राजकारणातून सत्ता आली, सत्तेतून सहकारी संस्था, बँका, शिक्षणसंस्था आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी जोशाच्या जागी चेअरमन बसला. दक्षिणेचे नाव देणगी झाले. ज्या घरांत सत्यशोधक पद्धतीने लग्ने झाली, त्या घरांत नंतर पुन्हा मुहूर्त पाहिले गेले. जागृत झालेला वर्ग स्वतःच्या मुक्तीपाशी थांबला की प्रबोधनाची गती तेथेच खुंटते, ही गोष्ट ओतूरच्या अभिमानाइतकीच शिकण्यासारखी आहे.

जुन्नर तालुक्याने महाराष्ट्राला दिलेला दुसरा मोठा वारसा नारायणगावचा आहे, आणि त्याच्याकडे सुशिक्षितांनी नेहमीच नाक मुरडून पाहिले. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा-पंच सुपारी देण्यासाठी येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाने आणि भाऊंच्या कन्या विठाबाईंनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर केले. विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांची अखेरची वर्षे मात्र हलाखीत गेली; जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंताला पुरस्कार देते. जिवंतपणी ज्या कलावंताला म्हातारपणाची शाश्वती देता आली नाही, तिच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने समारंभ साजरा करणे यात पुनरुज्जीवनाचा सगळा स्वभाव येऊन जातो.

तमाशाचा रांगडा साचा घेऊन सत्यशोधकांनी जलसे उभे केले. गण-गवळणीच्या जागी नवे विषय आले; सावकार, भटजी, अक्षरशत्रू कुणबी ही पात्रे आली. आंबेडकरी जलशांनी त्याच साच्यातून अस्पृश्यतेवर घाव घातले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. मुंबईच्या गिरणगावात त्यांच्या लोकनाट्यांना कामगारांची गर्दी लोटली. समाजवादी चळवळीचा यातला वाटाही लहान नाही. राष्ट्र सेवा दलाची १९४१ साली नव्याने उभारणी झाली. ती करणारे एस. एम. जोशी हे मूळ याच मातीतले, १९०४ साली त्यांचा जन्म जुन्नरला झाला. सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे होते, पु. ल. देशपांडे यांनी कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले; निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखी माणसे त्या मुशीतून निघाली. खेड्यांतल्या माणसाने पहिल्यांदा पुढाऱ्याला पोट धरून हसावे, ही शिकवण त्या कलापथकाने दिली. ती शिकवण आज विसरली गेली आहे, कारण आता पुढारीच करमणुकीचा खर्च करतात.

पण येथेही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावच्या मांगवाड्यातून आले होते. निळूभाऊ बागकाम करून पोट भरत होते. असे अपवाद सोडले, तर चळवळीने तमाशाकडून ढोलकी उचलली आणि ढोलकीवाल्याला फडातच ठेवले. त्याच्या रंगबाजीचा उपयोग प्रचारासाठी झाला. त्याच्या मजुरीचा, कर्जाचा, त्याच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न चळवळीच्या ठरावांत फार उशिरा आणि फार थोडा आला. यात्रा-जत्रांच्या हंगामावर पोट असलेल्या या कलावंतांचे २०२० आणि २०२१ चे दोन्ही हंगाम करोनाने बुडविले, तेव्हा फडमालक सावकाराकडे गेले आणि वगातले राजे शेतमजुरीला गेले. पुरोगामी वर्तुळात तेव्हा लोककलेच्या ऱ्हासावर लेख पुष्कळ आले. फडातल्या कामगाराला नोंदणी, विमा आणि निवृत्तिवेतन हक्क म्हणून मिळावे यासाठी मोर्चे मात्र थोडेच निघाले.

या पार्श्वभूमीवर आजच्या नवजागृतीकडे वळले, तर चित्र काय दिसते? खोडदला जगातील मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तालुक्याच्या शेतशिवारांतून आकाशाकडे तोंड करून आहेत, आणि दर वर्षी विज्ञान दिनाला तेथे शाळकरी मुलांचे प्रदर्शन भरते. ही तालुक्याची खरीखुरी श्रीमंती आहे. कुकडीच्या धरणांनी पूर्वेकडच्या शिवारांत ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा आणला. त्या पैशातून इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि त्यांच्या पिवळ्या बसगाड्या आल्या. त्याच पाण्याची दुसरी बाजू पश्चिमेला आहे. डिंभ्याच्या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले, आणि ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली त्या महादेव कोळी कुटुंबांच्या वाड्या डोंगरउतारावर सरकल्या. पाणी पूर्वेला गेले आणि बाजारही पूर्वेलाच राहिला. पश्चिमेला विद्येची एकच संस्था प्रत्येक वाडीच्या वाट्याला आली. ती जिल्हा परिषदेची एक किंवा दोन शिक्षकांची शाळा.

आता त्याच शाळेवर संक्रांत आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची दिशा जाहीर केली. मोठी शाळा, अधिक शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान असे त्याचे गोड वर्णन केले जाते. डोंगरी वाडीचा पट वीसच्या आत असणारच. वाडीच मुळी पंधरा-वीस उंबऱ्यांची असते. नाणेघाटातला लेख वाचून मराठी अभिजात ठरली, आणि त्या घाटाच्या आसपासच्या मुलांनी मराठी वाचायला जेथे शिकायचे, ती शाळा पटाच्या हिशेबात नालायक ठरते, याहून मोठी विसंगती कोणती! अभिजात दर्जातून अध्यासने निघतील, परिषदा भरतील, जुन्या ग्रंथांची संपादने होतील. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु फुल्यांनी १८८२ साली मांडलेला हिशेब तेव्हाइतकाच अपुरा राहील.

कार्यकर्त्यांनी करायचे काम यातूनच निघते, आणि ते फार चमकदार नाही. बाळाजी पाटलांनी ज्या कायद्याचा आधार घेतला तो परक्या सरकारचा होता. आजचा कायदा आपल्या संसदेने केलेला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. किती वाड्यांत या समित्या कागदावरच्या आहेत, कोणाच्या सह्या कोण करतो, शाळा हलविण्याचा प्रस्ताव समितीपुढे मांडला गेला का, याची नोंद वाडीवाडीला जाऊन घ्यावी लागेल. ठराव लिहिताना कोळणीला आणि ठाकरणीला स्वतःच्या शब्दांत तो सांगता आला पाहिजे, आणि लिहून झाल्यावर तो तिला वाचून दाखविला पाहिजे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये रस्त्याकडच्या मोठ्या गावांत आहेत. त्यांच्या पेट्या डोंगरातील वाड्यांपर्यंत महिन्यातून एकदा का होईना पोहोचतील असे पाहता येईल. नारायणगावच्या राहुट्यांत हंगामाच्या आरंभीच जाऊन फडातील प्रत्येक कामगाराची नोंद घेता येईल. या कामांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येणार नाहीत.

शाळेच्या बाबतीत एक तपशील विसरू नये. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. हे अंतर कचेरीत नकाशावर मोजले जाते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात ओढ्याला पाणी चढले म्हणजे पलीकडची वाडी हाकेच्या अंतरावर असूनही तेथे पोहोचायला डोंगराला वळसा घालावा लागतो. तेव्हा शाळा हलविण्याच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर ते अंतर पावसाळ्यात, पायवाटेने, सहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन मोजावे, त्याला लागलेला वेळ लिहावा, आणि तो कागद समितीच्या ठरावाला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावा.